परसदारातून हमरस्त्याकडे

३ फेब्रुवारी १९६५. रमजानचा महिना संपला होता, ईद उजाडली होती, आणि जर्मनीतल्या कोलोन शहरात राहणाऱ्या तुर्की कामगारांना एकत्र नमाज पढायला पुरेशी मोठी जागा नव्हती. त्यांना जागा मिळाली ती थेट शहराच्या जगप्रसिद्ध कॅथीड्रलमध्ये. उत्तरेकडच्या बाजूच्या दालनात गालिचे अंथरले गेले आणि काहीशे माणसं उंच दगडी कमानींखाली सजद्यात वाकली. ज्या वास्तूचा पाया १२४८ साली घातला गेला आणि जी पुरी व्हायला १८८० साल उजाडलं, त्या कॅथोलिक जगाच्या मानबिंदूत त्या दिवशी ईदची नमाज झाली.

ही हकिगत आजही सलोख्याची आठवण म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. मात्र ती वाचताना मला दर वेळी जाणवतं, की हा मान पाहुण्यांना दिलेला होता. पाहुण्याला माजघरात बसवायला यजमानाला अवघड वाटत नाही, कारण पाहुणा परत जाणार असतो. त्याने शेजारची जमीन विकत घेऊन घराचा नकाशा मंजुरीला टाकला, म्हणजे मग खरी कसोटी सुरू होते. युरोपातल्या शहरांमध्ये मशिदींवरून जे वाद गेली चाळीस-पन्नास वर्षं चालले आहेत, त्यांच्या मुळाशी मला हीच गोष्ट दिसते. कोलोनइतकी ती दुसरीकडे क्वचितच उघडपणे घडली असेल.

पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला तो ३० ऑक्टोबर १९६१ रोजी. या कामगारांना शब्दच दिला गेला तो 'गास्टआर्बायटर', म्हणजे पाहुणा कामगार. १९६४ मध्ये दहा लाखावा पाहुणा कामगार, एक पोर्तुगीज सुतार, कोलोनच्याच डॉइट्झ स्थानकावर उतरला तेव्हा त्याचं वाजतगाजत स्वागत झालं आणि त्याला मोपेड भेट मिळाली. काही वर्षं राबायचं, पैसा गाठीला बांधायचा आणि गावी परतायचं, अशी येणाऱ्यांची आणि बोलावणाऱ्यांची, दोघांचीही समजूत होती. १९७३ मध्ये सरकारने परदेशी कामगारांची भरती थांबवली. आता एकदा गावी गेलो तर पुन्हा येता येणार नाही, हे कामगारांना कळून चुकलं. त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतलं. परदेशी माणसांचं येणं थांबवण्यासाठी काढलेल्या आदेशाने माणसं उलट मुक्कामाला राहिली.

मुलं आली, तसा धर्म शिकवायचा प्रश्न आला, लग्नं आली, मयत आली. कारखान्याच्या वसतिगृहातल्या एका खोलीत भागत होतं ते आता भागेना. मग जर्मन शहरांमधून एक नवी जागा आकाराला आली. तिला जर्मन लोक 'हिंटरहोफमोशे' म्हणू लागले. हिंटरहोफ म्हणजे इमारतीमागचं अंगण, आपलं परसदार. बंद पडलेला कारखाना, गोदाम, गॅरेज भाड्याने घ्यायचं, आत गालिचा अंथरायचा, काबाच्या दिशेने एक कोनाडा रंगवायचा, बाजूला चहाची खोली, एखादं वाणसामानाचं दुकान, कुठे न्हावी. रस्त्यावरून जाणाऱ्याला पाटीखेरीज काही दिसायचं नाही, आणि कधी पाटीही नसायची.

या परसदारच्या मशिदींविषयी फारशी तक्रार नव्हती. आणि गंमत म्हणून नाही, मनापासून विचारावंसं वाटतं: माणसं तीच, नमाज तीच, शुक्रवार तोच, मग ती माणसं हमरस्त्यावर आल्यावर एवढं काय बदलतं?

कोलोनच्या एरेनफेल्ड भागात दितिब या तुर्की-इस्लामी संघटनेचं मुख्यालय १९८४ पासून एका जुन्या कारखान्याच्या आवारात होतं. तिथेच मोठी मशीद बांधायचं ठरलं आणि वास्तुरचनेचं काम मिळालं पाउल ब्योम यांना. हे नाव महत्त्वाचं आहे. त्यांचे आजोबा डोमिनिकुस ब्योम आणि वडील गोटफ्रीड ब्योम हे दोघेही विसाव्या शतकातल्या जर्मनीतले चर्च बांधणारे नामवंत वास्तुकार. गोटफ्रीड यांना १९८६ मध्ये प्रित्झकर पारितोषिक मिळालेलं. चर्च बांधणाऱ्या घराण्यातला तिसऱ्या पिढीचा माणूस मशीद बांधायला बसला. त्यांनी घुमट सलग ठेवला नाही. काँक्रीटच्या वळणदार पाकळ्या सुट्या केल्या आणि त्यांच्या मधल्या फटी काचेने भरल्या. आतली प्रार्थना बाहेरून दिसावी, बाहेरचा रस्ता आतून दिसावा, अशी ती कल्पना. परसदारच्या आयुष्याला दिलेलं याहून नेमकं उत्तर मला सुचत नाही.

मग भांडण पेटलं ते उंचीवरून. दोन मिनार पंचावन्न मीटरचे. कॅथीड्रलचे मनोरे १५७ मीटरचे, म्हणजे जवळजवळ तिप्पट. तरीही शहराची आकाशरेषा बिघडेल ही भीती बोलून दाखवली गेली. अतिउजव्या गटांनी हा विषय निवडणुकीचा केला. पण विरोध करणारे सगळे एकाच माळेचे मणी नव्हते. हिटलरच्या राजवटीतून वाचलेले ज्यू लेखक राल्फ जोर्डानो यांनीही २००७ मध्ये कडाडून विरोध केला. मुसलमान समाज जर्मन समाजात मिसळलेला नसताना एवढी मोठी वास्तू म्हणजे चुकीचा संकेत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचं मत मला पटत नाही, पण ज्याने ज्यू म्हणून छळ सोसला त्याचा शब्द नुसता द्वेष म्हणून बाजूला सारता येत नाही.

बाजूने उभे राहिले तेही अनपेक्षित लोक. महापौर फ्रित्स श्राम्मा ख्रिस्ती लोकशाही पक्षाचे. ऑगस्ट २००८ मध्ये नगरसभेत मतदान झालं तेव्हा त्यांच्याच पक्षाने प्रस्तावाविरुद्ध मत दिलं आणि श्राम्मांनी पक्षाची भूमिका बाजूला ठेवून मशिदीच्या बाजूने. शहरातल्या एका कॅथोलिक धर्मग्रामाने तर चर्चमध्ये मशिदीसाठी वर्गणी गोळा केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये युरोपभरच्या इस्लामविरोधी पुढाऱ्यांनी कोलोनमध्ये परिषद भरवली, तेव्हा हजारो नागरिक रस्त्यावर आले. टॅक्सीवाल्यांनी पाहुण्यांना न्यायला नकार दिला, गुत्तेवाल्यांनी त्यांना शहराची लाडकी क्योल्श बिअर द्यायला नकार दिला. परिषद गुंडाळावी लागली. ज्या पेयाला मशिदीत जाणारा शिवतही नाही, ते मशिदीच्या बाजूने कामी आलं, हे मला फार हृद्य वाटतं.

२००९ मध्ये बांधकाम सुरू झालं. संघटना आणि वास्तुकार यांच्यात कामातल्या त्रुटींवरून वाद झाले, वर्षं गेली. २०१७ मध्ये नमाज सुरू झाली आणि २९ सप्टेंबर २०१८ रोजी औपचारिक उद्घाटन झालं. ते केलं तुर्कस्तानचे राष्ट्राध्यक्ष एर्दोआन यांनी. शहराच्या महापौर हेन्रिएटे रेकर समारंभाला गेल्या नाहीत. ज्यांनी या वास्तूसाठी स्वतःच्या पक्षाशी वैर पत्करलं, त्या श्राम्मांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. हा भाग मला दुखतो, आणि तो वगळून ही कथा सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. ज्या शहराने भांडून जागा मिळवून दिली, ते शहर उद्घाटनाच्या दिवशी परकं ठरलं.

याचं कारण वास्तूत नाही, व्यवस्थेत आहे. दितिबचा धागा अंकाराच्या धार्मिक व्यवहार खात्याला बांधलेला. तिचे इमाम तुर्की सरकारचे पगारी नोकर म्हणून काही वर्षांसाठी यायचे आणि जायचे. जर्मनीतली चर्चं सार्वजनिक संस्था म्हणून नोंदलेली असतात, आणि त्यांच्यासाठीचा कर सरकार वसूल करून देतं. मुसलमानांच्या बहुतेक संघटनांना असा दर्जा नाही. हेसे राज्यात अहमदिया जमातला तो २०१३ मध्ये मिळाला. स्वतःच्या पायावर उभं राहायला पैसा नाही, म्हणून दुसऱ्या देशाचा इमाम; आणि दुसऱ्या देशाचा इमाम, म्हणून इथल्यांचा संशय. हे चक्र फोडायला डिसेंबर २०२३ मध्ये जर्मन सरकारने तुर्कस्तानशी समझोता केला: तुर्कस्तानहून इमाम पाठवणं टप्प्याटप्प्याने थांबवायचं आणि जर्मनीतच दर वर्षी शंभर जणांना शिकवून तयार करायचं. साठ वर्षांनी का होईना, पण गाडी रुळावर येते आहे.

लंडनमध्ये हाच प्रवास वेगळ्या रीतीने झाला, आणि त्यात आपल्या कोकणचाही अंश आहे. ब्रिटिश जहाजांवरच्या लस्करांमध्ये, म्हणजे हिंदी खलाशांमध्ये, रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान मोठ्या संख्येने होते. डेकवर सारंग आणि तांडेल त्यांच्यातले, भटारखान्यात आणि सरबराईला गोव्याची माणसं, आणि कलकत्त्याहून सुटणाऱ्या बोटींच्या इंजिनखोलीत सिल्हेटचे लोक. लंडनच्या गोदीत उतरलेल्या अशा खलाशांचे हाल बघून लाइमहाउस भागात १८५७ मध्ये त्यांच्यासाठी आश्रयगृह उघडलं गेलं. १९१० मध्ये सय्यद अमीर अली यांच्या पुढाकाराने मशिदीसाठी निधी सुरू झाला. अनेक वर्षं भाड्याच्या खोल्यांत जुम्मा होत राहिला, आणि पूर्व लंडनमध्ये स्वतःची मशीद झाली ती १९४१ साली, तीही राहत्या घरांत.

तिथून चालत जाण्याच्या अंतरावर ब्रिक लेनच्या कोपऱ्यावर एक विटांची साधी, चौकोनी वास्तू आहे. १७४३ मध्ये ती बांधली फ्रान्समधून धर्मछळामुळे पळून आलेल्या ह्यूगेनॉट विणकरांनी, स्वतःच्या प्रॉटेस्टंट चर्चसाठी. १८१९ मध्ये ती मेथडिस्टांकडे गेली. रशियन साम्राज्यातून ज्यू निर्वासित आले आणि १८९८ मध्ये तिथे सिनेगॉग उघडलं. ज्यू कुटुंबं हळूहळू उत्तर लंडनकडे सरकली, तशी सिनेगॉगमधली गर्दी ओसरली. १९७६ मध्ये ती वास्तू बांगलादेशी, त्यातही सिल्हेटी, लोकांची जामे मशीद झाली. दर्शनी भिंतीवर १७४३ सालचं सूर्यघड्याळ अजून आहे. ते कुणी काढलं नाही, याचं मला अप्रूप वाटतं. मशीद झाल्यावर काहीच बदललं नाही, असं मात्र नाही. २००९ मध्ये शेजारी पोलादाचा एकोणतीस मीटरचा मिनारासारखा खांब उभा राहिला. पण खुद्द इमारत अडीचशेहून अधिक वर्षं एकच काम करते आहे: नव्याने आलेल्यांना शहरात पहिली बसायची जागा देणं.

सगळीकडे असं झालेलं नाही. स्वित्झर्लंडमध्ये देशभरात मिळून चारच मिनार असताना २९ नोव्हेंबर २००९ रोजी सार्वमत झालं आणि ५७.५ टक्के मतदारांनी नव्या मिनारांवर घटनेतच बंदी घातली. मशीद चालेल, मिनार नको, असा तो कौल. अथेन्समध्ये तर एकोणिसाव्या शतकात उस्मानी सत्ता गेल्यापासून अधिकृत मशीदच नव्हती. मोनास्तिराकी चौकातली १७५९ सालची देखणी मशीद संग्रहालय झालेली, आणि हजारो माणसं तळघरांत नमाज पढत होती. सरकारी खर्चाने मशीद उघडली ती नोव्हेंबर २०२० मध्ये, वोतानिकोस या कारखान्यांच्या भागात, नौदलाच्या जुन्या आवारात, मिनाराशिवाय, साडेतीनशे माणसांसाठी. स्लोव्हेनियाच्या ल्युब्ल्याना शहरात पहिली मागणी १९६९ ची आणि मशीद २०२० ची. अर्ज करणाऱ्यांपैकी किती जण ती पाहायला उरले असतील, हा विचार मनातून जात नाही.

कोलोनच्या मशिदीच्या ध्वनिक्षेपकातून पहिली अजान झाली १४ ऑक्टोबर २०२२ रोजी. नगरपालिकेच्या अटी कडक: फक्त शुक्रवारी, दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान, जास्तीत जास्त पाच मिनिटं, आवाजाला मर्यादा, शेजाऱ्यांना आधी कळवायचं. रस्त्यावर थोडे निदर्शक उभे होते. जवळच्याच ड्युरेन गावात मात्र १९८०च्या दशकापासून अजान होते आहे.

पण मिनार आणि अजान यांच्याहून मला जास्त मोलाची वाटते ती एक शांत, फारशी बातमीत न येणारी गोष्ट. पहिल्या पिढीचे कामगार वारले की त्यांचे देह विमानाने तुर्कस्तानला, गावच्या मातीत जायचे. त्यासाठी दितिबचा वेगळा निधी आहे. हयातीत वर्गणी भरायची आणि मेल्यावर घरी जायचं. जर्मनीत पुरायचं तर अडचणी होत्या. शवपेटी सक्तीची, तर मुसलमानाला कफनात पुरायचं असतं. कबर ठरावीक वर्षांच्या कराराने मिळायची, बहुधा वीस-तीस वर्षांच्या, आणि मुदत संपली की जागा दुसऱ्याला. मुसलमानाची कबर मात्र कायमची असावी लागते. कोलोन ज्या राज्यात येतं त्या नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालियाने २००३ मध्ये अंत्यविधीचा कायदा बदलला आणि शवपेटीविना दफनाची वाट मोकळी केली. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मुस्लिम संघटनांना स्वतःची दफनभूमी चालवणंही शक्य झालं. नगरपालिकांच्या दफनभूमींत मुसलमानांसाठी राखलेल्या भागात कबरींच्या रांगा शेजारच्या रांगांना थोड्या तिरक्या दिसतात, कारण त्या मक्केच्या दिशेने खणलेल्या असतात. दगडांवर नावं तुर्की असतात, आणि नव्या दगडांवर जन्मगाव कोलोन असतं.