पांढऱ्या रक्तपेशींवरील शर्करा व गोचीड

मुंबईंत डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांनीं सन १९५२ मध्यें एक विलक्षण रक्तगट उजेडांत आणिला. त्यास आज जगभर 'बाँबे' रक्तगट म्हणतात. वैलक्षण्य इतकेंच, कीं तांबड्या पेशींवर इतरांस असणारी एक शर्करा त्या माणसांस नसते. एवढ्या उणिवेमुळें त्यांस 'ओ' गटाचेंही रक्त चालत नाहीं.

पांढऱ्या पेशींची गोष्ट अशीच आहे. रोगजंतूंशीं झुंजणाऱ्या ह्या पेशींवर शर्करेच्या आंखूड सांखळ्यांची लव असते, आणि ती सर्व प्राण्यांत सारखी नसते. गाय, शेळी, घोडा, डुक्कर यांच्या सांखळीच्या टोंकास 'आल्फा-गॅल' नांवाची जोडणी असते. ती करण्याची शक्ति आपल्या पूर्वजांनीं दोन-तीन कोटि वर्षांपूर्वीं गमाविली. आपला हरभरा फस्त करणाऱ्या वानरासही ती नाहीं. म्हणजे ह्या बाबतींत तो आपला भाऊबंदच! सायलिक आम्लाच्या जातीची दुसरी एक शर्करा मात्र त्याच्या पेशींवर आहे व आपल्या पेशींवर नाहीं. तेथें खातेफोड झालेली आहे.

जें आपलें नाहीं त्यास शरीर परकें समजतें. आल्फा-गॅलविरुद्ध प्रतिद्रव्यें प्रत्येकाच्या रक्तांत असतात, व त्यांचा एरव्हीं जेवणांत उपद्रव नाहीं. परंतु कांहीं जातींची गोचीड चावल्यावर निराळ्याच प्रकारचीं प्रतिद्रव्यें उपजतात, असें ह्या शतकाच्या पहिल्या दशकांत अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथें आढळून आलें. मग मटण खाल्ल्यावर दोन ते सहा तासांनीं अंगावर गांधी उठतात, पोटांत कळा येतात, ओकाऱ्या होतात. रात्रीं जेवलेला मनुष्य उत्तररात्रीं तळमळत उठतो, त्यामुळें मटणाचा संशय कोणास येत नाहीं. घरांत 'पित्त उठलें' म्हणून आमसुलाचें पाणी चोळितात. आमसुलाशीं आमचें वैर नाहीं. पण घसा सुजला, श्वास कोंडला किंवा घेरी आली, तर तत्काळ दवाखाना गांठावा.

मासळींत व कोंबडींत ही शर्करा नसते. कफ परेडच्या मच्छीमार नगरांतील कोळी बांधव आणितात ती मासळी, तिचें वावडें मुळांतच नसेल तर, अशा माणसास चालते. मटणानंतर वारंवार असा त्रास होणाऱ्यानें गोचीड चावल्याची हकीकत डॉक्टरांस आपण होऊन सांगावी. रक्ताच्या तपासणींत खूण सांपडते. गोठ्यांतील गोचीड अंगास चिकटल्यास ती जाळूं वा चिरडूं नये; बारीक चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी.