माळवदाचा खांब काढण्याआधी इंजिनिअरला बोलवा



हरभरा घरात आला, लग्नसराई तोंडावर आली की गावोगाव घराची कामं निघतात. कुणाला माळवद उतरवून स्लॅब टाकायचा असतो, तर कुणाला खांब काढून ऐसपैस हॉल करायचा असतो. मी शेतीखात्याचा माणूस, घराच्या भानगडीत का पडावं, असं तुम्ही म्हणाल. पण मागच्या वर्षी औसा तालुक्यात एका घरी बियाण्याच्या बैठकीला बसलो होतो. सहज वर नजर गेली आणि बैठकीत लक्षच लागेना. कपाटाला अडचण होते म्हणून भिंतीलगतचे दोन खांब काढलेले, तुळईचं टोक सरळ दगड-मातीच्या भिंतीत खोचलेलं आणि त्या भिंतीला बाहेरून पोट सुटलेलं! घरधनी म्हणाले, "मिस्त्री म्हणला, काय होत नाही."

माळवदाचं सगळं ओझं लाकडी खांबांवर असतं. भिंत दोन-अडीच फूट जाड दिसते, पण ती आडोशाची. आत दोन पदर, मध्ये दगडगोटे आणि माती. पाणी मुरलं की पदर सुटतात.

आता वजन बघा. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती असेल तर ती साडेचार-पाच टन भरते. गळू नये म्हणून आपण दर पावसाळ्याआधी वर आणखी माती चढवतो, ती वेगळीच. तेवढ्याच खोलीवर पाच इंची स्लॅब साधारण तीन टनांचा होतो. मग स्लॅब हलकाच की! इथंच गफलत होते. माळवदाचं वजन खांबातून जमिनीत जात होतं, स्लॅबचं सगळं त्या मातीच्या भिंतीवर येतं.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या भागाला सांगायला नको. किल्लारी, सास्तूर भागात हजारो माणसं गेली ती बहुतेक याच भिंतींखाली आणि मातीखाली. मात्र कितीतरी ठिकाणी भिंती पडल्या, तरी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला होता. तेच खांब आपण आज अडचण म्हणून काढतोय.

मिस्त्रीला कमी लेखायचं नाही. दगड त्याच्यासारखा कुणी बसवत नाही. पण ओझं कुठून कुठं उतरतं, याचा हिशेब हा इंजिनिअरचा विषय. दगडी भिंतीत दोन्ही पदर बांधणारा आरपार दगड दर दोन फूट उंचीला आणि आडवा चार फुटांच्या आत हवा, असं भारतीय मानक सांगतं. जुन्या भिंतीत तो नसेल तर भोक पाडून, सळई टाकून काँक्रीट भरता येतं. कुठं भोक पाडायचं, आधी टेकू कुठं द्यायचा, हे अंदाजानं करायचं काम नव्हे. शिवाय आपली काळी माती! उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. जुन्या भिंतीला चिकटून नवी खोली काढली की सांध्यात चीर पडलीच. पाया किती खोल घ्यायचा, हेही त्यालाच विचारा.

खत टाकण्याआधी आपण माती तपासतो (तपासत नसाल तर तपासा!), मग घराला हात लावण्याआधी तपासणी का नको? तालुक्याच्या गावी सिव्हिल इंजिनिअर मिळतात. फी आधी ठरवा, नुसता सल्ला घेऊ नका, नकाशा कागदावर घ्या आणि काम चालू असताना निदान दोनदा त्याला यायला सांगा. घर पाडून नवंच बांधा, असं कुणी पहिल्याच भेटीत म्हणाला तर दुसऱ्याला दाखवा.

त्या औश्याकडच्या घरधन्यांनी ऐकलं. इंजिनिअरनं आल्या आल्या तुळईला टेकू द्यायला लावले, मग वरची माती उतरवली. तीन ट्रॅक्टर-ट्रॉल्या निघाली. दोन्ही खांब पुन्हा बसवले, तेही त्याच मिस्त्रीनं. कपाट आता ओसरीत आहे.