एक रस्सा, दोन पातेली : भिलाईच्या घरांतील अंड्याचा स्वयंपाक

पोलाद कारखान्याच्या गावात घड्याळ स्वयंपाकघरापासून सुरू होते. भिलाईच्या झोतभट्ट्या रात्रंदिवस धगधगत असतात. त्यामुळे तेथील अनेक घरांत पहिल्या पाळीचा डबा पहाटेच भरला जातो आणि रात्रपाळीहून परतणाऱ्याची न्याहारी सकाळी गरम लागते. अशा घरांत दहा मिनिटांत तयार होणारा, पोटभरीचा आणि खिशाला परवडणारा पदार्थ कोणता, या प्रश्नाचे उत्तर बहुधा अंड्यापाशी येऊन थांबते. सिविक सेंटरच्या बाजारात संध्याकाळी भाजीच्या पिशवीबरोबर हातात अंड्यांचा ट्रे घेऊन निघालेली माणसे दिसतात, ती यामुळेच.

अनेक प्रांतांचे एक स्वयंपाकघर

सोव्हिएत संघाच्या सहकार्याने भिलाईचा कारखाना उभारण्याचा करार 1955 साली झाला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कामाच्या निमित्ताने देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे आली आणि सेक्टरांच्या वसाहतींत शेजारी झाली. मराठी माणसाला हा मुलूख मुळीच परका नव्हता. छत्तीसगडावर एके काळी नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती. पुढे 1956 पर्यंत दुर्ग जिल्ह्याचा कारभार ज्या राज्यातून चाले, त्याची राजधानीही नागपूरच होती.

या शेजारामुळे अंड्याची किती रूपे एकत्र आली! बंगाली घरात उकडलेली अंडी हळद-मीठ लावून तेलात परतली जातात आणि मग बटाट्यासह ‘डिमेर दालना’त पडतात. तेलुगू घरात चिंचेच्या कोळातील ‘कोडिगुड्डु पुलुसु’ भातावर वाढतात. मल्याळी गृहिणी कांदा तांबूस होईतो परतून केलेला अंडा रोस्ट अप्पमबरोबर देते. वऱ्हाडी-नागपुरी घरात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणाचा तर्रीदार रस्सा हवाच. आणि वेळ अगदीच थोडा असला, तर उकळत्या आमटीत अंडी अलगद फोडून घालायची, वर झाकण ठेवायचे आणि ती घट्ट होईपर्यंत चमचा लावायचा नाही, ही मराठी घरांची जुनी युक्ती सगळीकडे चालते.

रोजच्या जेवणातील जमाखर्च

सुमारे 50 ग्रॅमच्या एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास उत्तम प्रतीची प्रथिने असतात आणि उष्मांक सत्तरच्या घरात. ‘अ’, ‘ड’ आणि ‘ब-12’ ही जीवनसत्त्वे त्यात आहेत. ‘क’ जीवनसत्त्व मात्र नाही. म्हणून भुर्जीवर लिंबू पिळणे किंवा सोबत काकडी-टोमॅटोची कोशिंबीर ठेवणे ही केवळ चवीची बाब नव्हे. पिवळ्या बलकातील कोलेस्टेरॉलची धास्ती पूर्वी फार होती. अमेरिकेच्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतून दिवसाला 300 मिलिग्रॅमची मर्यादा 2015 साली वगळण्यात आली. तरीही मधुमेह वा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच प्रमाण ठरवावे, हे श्रेयस्कर.

भावाचेही एक गणित आहे. पोल्ट्रीवाल्यांना रास्त भाव मिळावा म्हणून डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने 1982 साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन झाली. तिचे ठिकठिकाणचे दर रोज जाहीर होतात. थंडीत मागणी वाढते आणि भाव चढतात. श्रावणात व नवरात्रात ते सहसा उतरतात. तपकिरी अंडे पांढऱ्यापेक्षा महाग असले, तरी केवळ कवचाच्या रंगामुळे पोषणात फरक पडत नाही. बस्तरकडे पाळल्या जाणाऱ्या काळ्या कडकनाथ कोंबडीचे अंडेही काळे नसते, ते फिकट बदामी असते.

पंगतीतील खरी कसोटी

घरगुती समारंभात मात्र प्रश्न निव्वळ चवीचा राहत नाही. वीस पाहुण्यांत काही अंडे खाणारे, काही न खाणारे आणि काही त्या दिवसापुरते वर्ज्य मानणारे असतात. कोणाच्या श्रद्धेला धक्का लागू नये आणि कोणाला पानावर उपेक्षित वाटू नये, ही यजमानाची कसोटी असते.

हाच प्रश्न 2019 साली छत्तीसगडमध्ये शाळेच्या मध्यान्ह भोजनाच्या निमित्ताने सार्वजनिक झाला. मुलांना अंडी देण्याच्या निर्णयाला कबीरपंथीयांसह काही समाजांनी विरोध केला. कुपोषणाचा विचार करता अंडे आवश्यकच, अशी दुसरी बाजू होती. अखेर न खाणाऱ्या मुलांसाठी सोया दुधासारखे पर्याय आणि जेथे एकमत होणार नाही तेथे इच्छुक मुलांच्या घरी अंडी पोहोचविणे, असा मार्ग काढण्यात आला. दोन्ही बाजूंचे म्हणणे जिव्हाळ्याचेच होते: एकीकडे मुलाचे आरोग्य, दुसरीकडे घराण्याची रीत.

मिश्र पंगतीसाठी सुज्ञ गृहिणीचा मार्ग सोपा असतो: रस्सा एक, पातेली दोन. वीस जणांसाठी एक किलो कांदा, अर्धा किलो टोमॅटो, पाव किलो सुके खोबरे, शंभर ग्रॅम आले-लसूण आणि पाव लिटर तेल पुरते. कांदा व खोबरे खमंग भाजून बारीक वाटावे. तेलात आले-लसूण, मग टोमॅटो आणि शेवटी वाटण तेल सुटेपर्यंत परतावे. तिखट, हळद, धने-जिऱ्याची पूड व गरम मसाला घालून गरम पाण्याने रस्सा सारखा करावा. उकळी आली की तो दोन पातेल्यांत विभागावा. एकात अर्धी चिरलेली उकडलेली अंडी, दुसऱ्यात उकडलेले बटाटे व मटार. बारा जण खाणारे असतील तर चोवीस अंडी पुरेत. अंडी शेवटीच सोडावीत. पळी मात्र प्रत्येक पातेल्याची वेगळी असावी आणि न खाणाऱ्यांचे पातेले आधी वेगळे काढावे. एवढ्या छोट्या दक्षतेने पाहुणा निःशंक मनाने जेवतो.

उकडण्यातील शास्त्र

उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती हिरवट कडे दिसले, तर अंडे खराब आहे असे समजू नये. फार वेळ उकडल्याने पांढऱ्या भागातील गंधक आणि बलकातील लोह यांचा संयोग होतो, त्याचा तो रंग. अंडी बुडतील एवढ्या थंड पाण्यात ठेवून उकळी आणावी, आच मंद करून दहा मिनिटे ठेवावी आणि लगेच गार पाण्यात सोडावी. कडे येत नाही. अगदी ताज्या अंड्याचे कवच नीट सुटत नाही, म्हणून समारंभासाठी आठवडाभर आधी आणलेली अंडी सोयीची. भुर्जीला मात्र ताजी घ्यावीत आणि मंद आचेवर हलवत शिजवावीत. मोठ्या आचेवर ती रबरासारखी होते.

पाण्यात टाकलेले ताजे अंडे तळाशी आडवे राहते. जुन्या अंड्यातील हवेची पोकळी वाढलेली असते, म्हणून ते उभे राहते किंवा तरंगते. तरंगणारे आणि तडकलेले अंडे वापरू नये. कवचाला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांवरील संरक्षक थर जाऊ नये म्हणून अंडी धुऊन साठवू नयेत, वापरताना धुवावीत. निमुळते टोक खाली ठेवून ती फ्रिजमध्ये राखावीत. भिलाईच्या उन्हाळ्यात शिजवलेला अंड्याचा पदार्थ तासाभरापेक्षा अधिक बाहेर राहू नये. म्हणूनच अशा दिवसांत दुपारी उघडायच्या डब्यात अंडे न देता ते घरच्या न्याहारीलाच वाढणे शहाणपणाचे.

अंडे हा तसा साधा, स्वस्त जिन्नस. पण तो कधी, किती आणि कोणाला वाढायचा, याचा विचार ज्या घरात होतो, तेथे पाळीवरून आलेला माणूसही तृप्त होतो आणि दारी आलेला पाहुणाही. घरखर्चाच्या वहीत अंड्यांची नोंद एका ओळीची असते. त्या एका ओळीतून घरातील वाढत्या मुलांचे पोषणही होते आणि पंगतीतील शेजारधर्मही सांभाळला जातो.