चौथा माणूस असा निघाला म्हणून

२ मे २०२१, रविवारची रात्र. त्या घटकेला ब्रिटनमध्ये जेवढे लोक दूरचित्रवाणी पाहत होते, त्यांतले निम्म्याहून अधिक बीबीसी वनवर होते. ‘लाइन ऑफ ड्यूटी’ या पोलिसी मालिकेच्या सहाव्या पर्वाचा शेवटचा भाग सुरू होता. पोलिस दलात राहून गुन्हेगारांना सामील असलेला ‘चौथा माणूस’ कोण, हे एकदाचं कळावं म्हणून सरासरी १ कोटी २८ लाख प्रेक्षक पडद्यासमोर बसले होते. ते कळलं, आणि कार्यक्रम संपायच्या आतच समाजमाध्यमांवर संतापाचा भडका उडाला. इतकी वर्षं ताणून धरलं ते ह्याच्यासाठी? डोंगर पोखरून उंदीर काढला, असाच बहुतेक प्रतिक्रियांचा सूर होता. काहींना शेवट पटला, समीक्षकांमध्येही दोन तट पडले. पण निराशेचा आवाज मोठा होता. ती निराशा खरी होती, तिला हसण्याचं कारण नाही. मात्र तिचं जे कारण सांगितलं गेलं, ते मला चुकीचं वाटतं. गुन्हेगार सामान्य निघाला म्हणून शेवट फसला, असं लोक म्हणत होते. माझ्या मते त्या शेवटात सर्वांत खरं काही असेल तर ते गुन्हेगाराचं सामान्यपणच. फसलं ते दुसरंच काहीतरी.

मालिका न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. जेड मर्क्युरिओ यांनी लिहिलेली ही मालिका २०१२मध्ये बीबीसी टूवर सुरू झाली आणि चौथ्या पर्वापासून, म्हणजे २०१७पासून, बीबीसी वनवर आली. तिच्या केंद्रस्थानी एसी-१२ नावाचं काल्पनिक खातं आहे. पोलिसांमधल्या भ्रष्टाचाराचा तपास करणं हे त्याचं काम. खात्याचे प्रमुख टेड हेस्टिंग्ज आणि त्यांच्या हाताखालचे स्टीव्ह आर्नट व केट फ्लेमिंग ही तीन माणसं सहाही पर्वांत आहेत. संशयित अधिकारी मात्र दर पर्वात नवा. गोळीबार, पाठलाग सगळं आहे, पण मालिकेची खरी ओळख म्हणजे चौकशीचे प्रसंग. काचेच्या खोलीत टेबलाच्या दोन बाजूंना माणसं बसतात, ध्वनिमुद्रण सुरू झाल्याचा लांबलचक आवाज येतो आणि मग कागद, छायाचित्रं, फोनच्या नोंदी यांच्या आधारे समोरच्याला हळूहळू कोपऱ्यात गाठलं जातं. एकेक प्रसंग वीस-पंचवीस मिनिटं चालतो. नुसत्या बोलण्यातून इतका ताण उभा करणं फार थोड्यांना जमतं.

दर पर्वातल्या या प्रकरणांखालून एक लांब धागा गेला होता. तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस, २०१६मध्ये, एसी-१२मध्येच लपलेला गुन्हेगारी टोळीचा हस्तक डॉट कॉटन मारला गेला. मरताना त्याने दिलेल्या जबाबातून ‘एच’ हे अक्षर पुढे आलं. झालं, ज्याच्या नावात एच तो प्रत्येक अधिकारी प्रेक्षकांच्या नजरेत संशयित ठरला, खुद्द हेस्टिंग्जसुद्धा. पाचव्या पर्वाच्या शेवटी या खुणेचा अर्थच बदलला. मरता मरता कॉटनच्या बोटांनी चार ठोके दिले होते. मॉर्सच्या सांकेतिक लिपीत चार टिंबं म्हणजे एच, म्हणून माणसं चार. तिघांचा छडा लागला होता, चौथा बाकी होता. सहावं पर्व आलं ते टाळेबंदी हळूहळू सैल होत असलेल्या वसंतात, २१ मार्चपासून. कुणाला घरी बोलावून एकत्र बसायला अजून परवानगी नव्हती. सगळे भाग एकदम उपलब्ध करून देण्याची चाल बीबीसीने टाळली. दर रविवारी एक भाग, मधले सहा दिवस तर्कांना मोकळे. घराघरांत अडकलेल्या लोकांना सामाईक असं काहीतरी मिळालं आणि चौथ्या माणसाचा शोध हा जणू सगळ्या देशाचा तपास होऊन बसला. अपेक्षा किती चढली होती, हे लक्षात घेतल्याशिवाय त्या रात्रीचा राग कळणार नाही.

आणि मग उत्तर आलं: इयन बकल्स. पहिल्या पर्वापासून अधूनमधून दिसणारा, आळशी, कामात ढिला, वरिष्ठांपुढे गुळमुळीत आणि हाताखालच्यांपुढे उगाच तोरा मिरवणारा अधिकारी. पहिल्या पर्वात तो इन्स्पेक्टर होता, सहाव्यात सुपरिटेंडंट. त्याला पकडून दिलं ते एका स्पेलिंगने. ‘डेफिनिटली’ या नेहमीच्या इंग्रजी शब्दात तो एका ‘आय’च्या जागी ‘ए’ लिहायचा, आणि टोळीला गेलेल्या गुप्त संदेशांत तीच चूक होती. कटाची आखणी त्याने केलेली नव्हती. तो निरोप पोहोचवायचा, सांगितलेली कामं करायचा, पैसे घ्यायचा आणि बढती मिळवायचा. याच पर्वात आधी त्याला अटकही झाली होती, पण ही लेखकाने टाकलेली हूल आहे असं अनेकांनी धरलं. इतका मठ्ठ माणूस एवढं मोठं प्रकरण कसं चालवेल, असा त्यामागचा हिशेब. इथे जरा थांबायला हवं. खात्यानेही त्याच्याबद्दल नेमका हाच हिशेब केला होता. त्याच्या चुकांकडे ढिलाई म्हणून पाहिलं गेलं, तपास भरकटले ते त्याच्या अकार्यक्षमतेच्या खात्यात जमा झाले, आणि प्रत्येक वेळी तो एक पायरी वर चढला. पडद्यावरचे हुशार अधिकारी आणि पडद्यासमोरचे हुशार प्रेक्षक एकाच कारणाने त्याला ओळखायला चुकले. मालिकेला जे म्हणायचं होतं त्याचा याहून मोठा पुरावा कोणता?

हे म्हणणं मर्क्युरिओ यांनी शेवटच्या घटकेला सुचून चिकटवलेलं नाही. ते मूळचे डॉक्टर. त्यांची ‘बॉडीज’ ही कादंबरी आणि तिच्यावरून २००४मध्ये आलेली मालिका एका रुग्णालयात घडते. मालिकेतला एक वरिष्ठ प्रसूतितज्ज्ञ अकुशल आहे, त्याच्या हातून रुग्णांचं नुकसान होतं आणि सहकारी व व्यवस्थापन त्याला पाठीशी घालतात. त्यात कुणी खलनायक नाही. नोकरी सांभाळणारी, तोंड मिटून राहणारी माणसं आहेत. ‘लाइन ऑफ ड्यूटी’च्या पहिल्याच प्रसंगात दहशतवादविरोधी पथक चुकीच्या घरात शिरून निरपराध माणसाला मारतं आणि मग सगळ्यांनी एकसारखा जबाब द्यावा म्हणून दबाव येतो. ब्रिटिश प्रेक्षकाला तो प्रसंग पाहताना २२ जुलै २००५ आठवणं अटळ होतं. त्या दिवशी लंडनच्या स्टॉकवेल स्थानकात ज्याँ चार्ल्स दि मेनेझेस या ब्राझिलियन तरुणाला आत्मघातकी हल्लेखोर समजून पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्यासाठी कुठल्याही एका अधिकाऱ्यावर खटला झाला नाही. २००७मध्ये दोषी ठरलं ते लंडनचं पोलिस दल, तेही आरोग्य आणि सुरक्षेच्या कायद्याखाली. आणखी एक योगायोग सांगितलाच पाहिजे. बकल्स उघडा पडल्यावर सहाच आठवड्यांनी, १५ जून २०२१ रोजी, डॅनियल मॉर्गन प्रकरणातल्या स्वतंत्र समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. मॉर्गन हे खासगी गुप्तहेर. १९८७मध्ये दक्षिण लंडनमधल्या एका पबच्या वाहनतळावर कुऱ्हाडीने त्यांचा खून झाला आणि एकामागून एक तपास होऊनही कुणाला शिक्षा झाली नाही. समितीने पोलिस दलावर संस्थात्मक भ्रष्टाचाराचा ठपका ठेवला, आणि त्याचा अर्थही स्पष्ट केला: आपली प्रतिमा जपण्यासाठी स्वतःच्या चुका लपवणं, नाकारणं. दलाने हा ठपका मान्य केला नाही. पण हजारावर पानांच्या त्या अहवालात कुणी सूत्रधार सापडत नाही, सापडते ती तीन दशकांहून अधिक काळची टाळाटाळ.

यावर पहिला आक्षेप असा की, मालिका म्हणजे चौकशी आयोग नव्हे. वास्तव कंटाळवाणं असतं हे लोकांना ठाऊक आहे, म्हणून तर ते कथेकडे येतात. रहस्यकथेचा वाचकाशी एक करार असतो, कोड्याच्या मापाचं उत्तर देण्याचा. आक्षेपात तथ्य आहे, पण तो करार नेमका काय आहे ते पाहायला हवं. अगाथा क्रिस्टी यांनी १९२६मधल्या एका कादंबरीत कथा सांगणाऱ्यालाच खुनी ठरवलं तेव्हा फसवणुकीची ओरड झाली होती. आज ती कादंबरी या प्रकारातला मानदंड मानली जाते, कारण पुन्हा वाचताना प्रत्येक खूण जागेवर सापडते. उत्तर भव्य असावं असं करारात कुठेच नाही. आधीच्या पानांतून ते निघावं, एवढंच आहे. बकल्स त्या कसोटीला बराचसा उतरतो. पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या पर्वात तो आहे, आणि ज्या ज्या तपासात तो होता त्या त्या तपासाची माती झालेली आहे.

सामान्य गुन्हेगार लोकांना मुळातच नको असतो, हेही खरं नाही. त्याला २०१३ सालची ‘ब्रॉडचर्च’ ही मालिका साक्ष आहे. किनाऱ्यावरचं लहान गाव, अकरा वर्षांच्या मुलाचा खून, आठ भागांचा तपास. २२ एप्रिलच्या शेवटच्या भागात खुनी निघाला तो तपास करणाऱ्या एली मिलरचाच नवरा, जो. हा माणूस बकल्सइतकाच साधा. घर सांभाळणारा, मुलांना खाऊपिऊ घालणारा, कुठल्याही कटाशी संबंध नसलेला. तरी प्रेक्षक हादरले, हळहळले आणि तो शेवट त्यांनी मनापासून स्वीकारला. कारण उघड आहे. जो मिलरचं नाव कळताच आपण त्याच्याकडे पाहत नाही, एलीकडे पाहतो. एका गावकरी बाईला ‘तुम्हाला कळलं कसं नाही’ असं विचारणाऱ्या एलीला आता तोच प्रश्न स्वतःला विचारावा लागतो, आणि तिची भूमिका करणाऱ्या ऑलिव्हिया कोलमनच्या चेहऱ्यावर ती सगळी पडझड दिसते. उत्तर लहान होतं, त्याचा घाव मोठा होता. ‘लाइन ऑफ ड्यूटी’मध्ये घाव बसायला जागाच ठेवलेली नव्हती. बकल्स हेस्टिंग्जचा कुणी नव्हता, आर्नटचा नव्हता, फ्लेमिंगचाही नव्हता. तो सापडल्याने त्यांच्या आयुष्यातली एकही वीट हलली नाही. लोक म्हणाले माणूस क्षुल्लक होता. मला वाटतं, त्यांना जाणवलेली पोकळी या तुटलेपणाची होती.

दुसरा आक्षेप लेखकाच्या नीतीबद्दल आहे, आणि तो अधिक गंभीर. उत्तर हेच द्यायचं होतं, तर हेस्टिंग्जभोवती संशयाचं एवढं जाळं का विणलं? त्याची पैशांची ओढाताण, एचची खूण, पाचव्या पर्वात त्याला थेट आरोपीच्या खुर्चीत बसवणं हे सगळं काय होतं? हूल देणं हा रहस्यकथेचा हक्क आहे, त्याला माझी हरकत नाही. पण एका ‘एच’ची चार माणसं करणं ही हूल नव्हती, तो मुदतवाढीचा अर्ज होता. प्रेक्षकाने तीन वर्षं एका माणसाच्या शोधात घालवली आणि ऐनवेळी त्याला सांगितलं गेलं की शोध आता नव्याने सुरू होतो. अशा प्रत्येक वाढीबरोबर उत्तराची किंमत चढत जाते. व्यवस्थेत मोठा मेंदू नसतो, असं ज्या लेखकाला सांगायचं आहे, त्याने पर्वामागून पर्व मोठ्या मेंदूची भूक वाढवत नेली. संशय घेण्याची जी सवय मालिकेनेच लावली, तीच शेवटच्या तासात चूक ठरवणं प्रेक्षकावर अन्याय करणारं होतं. इथे मी रागावलेल्यांच्या बाजूने आहे.

काहींचं म्हणणं असंही होतं की, शेवट थंड होता, त्यात थरार नव्हता. याला मी फारसं महत्त्व देत नाही. मालिकेची ताकद नेहमीच काचेच्या खोलीत होती, आणि बकल्सला त्या खोलीत आणणं योग्यच होतं. वाईट वाटतं ते त्याच भागातल्या दुसऱ्या एका प्रसंगाबद्दल. हेस्टिंग्ज आपल्या विरोधक पॅट्रिशिया कारमायकेलपाशी कबुली देतो. टोळीत छुप्या ओळखीने वावरणारा जॉन कॉर्बेट हा अधिकारी मारला गेला, त्याला आपलीच फितुरी कारणीभूत होती, ही ती कबुली. संपूर्ण मालिकेत प्रामाणिकपणाचा झेंडा खांद्यावर घेऊन फिरलेला माणूस इथे स्वतःला आरोपी ठरवतो. ‘ब्रॉडचर्च’ने एलीच्या रूपाने जे साधलं, त्याची संधी हीच होती. संस्थेचं खोटं बोलणं आणि चांगल्या माणसाचं गप्प राहणं एकाच प्रसंगात समोरासमोर आली असती. पण हा प्रसंग बकल्सच्या चौकशीनंतर, ताण ओसरल्यावर, घाईत येऊन गेला. त्यानंतर पडद्यावर अक्षरं आली: कुणाचं पुढे काय झालं, आणि भ्रष्टाचाराला आवर घालण्याचे एसी-१२चे अधिकार कसे कधी नव्हते इतके दुबळे झाले आहेत. मालिकेचं सर्वांत कडू आणि सर्वांत महत्त्वाचं विधान असं वाचून घ्यावं लागलं. कबुली आधी आणि चौकशी नंतर अशी नुसती अदलाबदल केली असती, तर आपलंही तोंड कधीतरी बंद होतं हे ठाऊक असलेला हेस्टिंग्ज बकल्ससमोर बसला असता, आणि त्या मठ्ठ माणसाची प्रत्येक उडवाउडवी त्याच्या जिव्हारी लागली असती.