कडू तेलाचा आंबट हिशेब

निर्मळहून कळंबच्या किनाऱ्यावर उतरलात, की भरतीने टाकलेल्या काटक्यांवर नजर ठेवा. लिंबाएवढं, गोटीसारखं गोल आणि टणक फळ दिसलं तर उचला. उंडीच्या झाडाचं असू शकतं. कुठून आलं असेल? सांगता यायचं नाही, कारण उंडी पोहते! कवचाला आतून बुचासारखा हलका थर असतो. त्याच्या जोरावर हे झाड आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पार ताहितीपर्यंत पसरलंय.

एरंडाचं एरंडेल, करंजाचं करंजेल, तसं उंडीचं उंडेल. हिरवट, दाट, कडूजहर. कोकणात ते दिव्यात जळे, होडीच्या लाकडाला चोपडलं जाई. (आगाशी इथून जवळच. सोळाव्या शतकात तिथे जहाजं बांधत. तिथले सुतार फळ्यांना काय चोपडत असतील, हा प्रश्न मला उगाच छळतो.)

आता ताजं फळ फोडा. आतला पिवळट गर चिमटीत दाबून बघा. तेल? नावालाही नाही! हाच गर महिना-दोन महिने उन्हात टाका. तो आक्रसतो, तपकिरी होतो, आणि एक दिवस बोटांना तेलकट चिकटा लागतो. नीट सुकलेल्या गराचं निम्म्याहून जास्त वजन तेलाचंच असू शकतं. दही न घुसळता लोणी दिसतं का? तसंच हे, फक्त इथे रवी म्हणजे ऊन. मग घाण्यात घाला: पेंड एकीकडे, तेल एकीकडे.

तेल निघालं, पण आहे कसं? खवट आहे हे नाक सांगेल. किती खवट, ते कोण सांगणार?

१ ग्रॅम तेल अल्कोहोलमध्ये मिसळा, फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचे दोन थेंब टाका. वरून ब्युरेटमधून कॉस्टिक पोटॅशचं द्रावण थेंब थेंब सोडा. थेंब पडला तिथे गुलाबी ठिणगी उमटते, चंचुपात्र हलवलं की गायब! तेलातली सुटी आम्लं पोटॅश गिळून टाकतात. पुन्हा थेंब, पुन्हा गायब. हात भरून येतो. आणि मग एका थेंबाला सगळं पात्र गुलाबी होतं आणि तसंच राहतं. आम्लं संपली! किती मिलिग्रॅम पोटॅश लागलं, तोच आम्लांक. रिफाइंड खाद्यतेलाचा १ च्या आत असतो. उंडेल चाळिशीसुद्धा गाठतं.

एवढी आम्लं येतात कुठून? तेलाचा रेणू म्हणजे एका खुंटीला टांगलेले तीन लांब शेपटे. बी ओलसर राहिलं, की त्यातलीच विकरं पाण्याच्या मदतीने हे शेपटे सोडवत सुटतात. सुटा झालेला प्रत्येक शेपटा म्हणजे एक आम्ल. म्हणजे अंगणात बी कसं वाळवलं होतं, त्याची चुगली काचेच्या नळीत होते!

हा आकडा न बघता उंडेलाचं बायोडिझेल करायला गेलात, तर त्यासाठी घातलेल्या अल्कलीशी सुटी आम्लं जुळून भांड्यात साबणाचा फेस. म्हणून आधी मिथेनॉल आणि थोडं सल्फ्युरिक आम्ल घालून या सुट्या शेपट्यांचा बंदोबस्त करतात.

पणतीला मात्र आम्लांकाशी घेणंदेणं नाही. सुटे शेपटेही तितकेच छान जळतात. तिला त्रास होतो तो उंडेलातल्या राळेचा: वात काजळते, धूर होतो.