फासे, सूत्रधार आणि नवागत

फासे म्हटले कीं आपल्या घरांतील वडील मंडळींच्या डोळ्यांपुढें द्यूतसभा उभी राहते. ऋग्वेदांतील अक्षसूक्तापासून महाभारतांतील सभापर्वापर्यंत फाशांनीं संसार बुडविल्याच्याच कथा आपण ऐकत आलों. म्हणून मीरा-भाईंदरच्या एखाद्या घरांत नातू म्हणूं लागला कीं, ‘मुंबईंत खेळांचें संमेलन आहे, तेथें मी फाशांचा खेळ खेळणार,’ तर आजोबांच्या कपाळास आठी पडावी यांत नवल नाहीं. परंतु निकाल देण्यापूर्वीं खेळ समजून घ्यावा, असें आम्हांस वाटतें.

या खेळास भूमिकांचा खेळ म्हणतां येईल. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनीं रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा त्यांतील आद्य खेळ १९७४ सालीं प्रसिद्ध झाला. टेबलाभोंवतीं पांचसहा जण बसतात. त्यांतील एक सूत्रधार. तो प्रसंग सांगतो : समोर पडका वाडा आहे, आंत दिवा दिसतो. बाकीचे एकेका पात्राचें सोंग घेऊन आपण काय करणार तें बोलतात. यश संशयित असेल तेथें वीस पैलूंचा फासा टाकावयाचा. पडलेल्या आंकड्यांत पात्राचें कौशल्य मिळवून ठरलेली संख्या गांठली कीं काम साधलें. पैशाची बाजी नसते. सारे मिळून एका संकटांतून पार पडतात.

मराठी माणसास हें परकें वाटूं नये. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भाव्यांनीं ‘सीतास्वयंवर’ केलें, तेव्हां पदें सूत्रधार म्हणे व भाषणें पात्रें आयत्या वेळीं रचीत. कोंकणांतील दशावतारांत आजही कथा पुराणांतली, संवाद मात्र नटाच्या पदरचे.

अशा संमेलनांत अग्रगण्य म्हणजे अमेरिकेंतील ‘जेन कॉन’. तें १९६८ सालीं लेक जिनीव्हा या गांवीं प्रथम भरलें व २००३ सालीं इंडियानापोलिस शहरीं गेलें. तेथें प्रत्येक खेळापुढें वेळ, खेळाडूंची संख्या व पूर्वानुभव हवा कीं नको हें दिलेलें असतें. नवागतानें कोठेंही नवशिक्यांसाठीं राखलेलें टेबल शोधावें, विषय आपल्या वयास योग्य आहे ना तें विचारावें, आणि ‘मी प्रथमच आलों आहें’ असें आरंभींच सांगावें. पुष्कळदां पात्र आयतें मिळतें. नियमांचा ग्रंथ पाठ करावा लागत नाहीं. खेळ बहुधा चार तास चालतो. मध्येंच उठल्यास इतरांची कथा लंगडी पडते, म्हणून भाईंदरची परतीची गाडी अगोदर ठरवावी. ‘ॲडव्हेंचरर्स लीग’सारख्या संघटित खेळांत नियम सर्वत्र सारखे असतात, त्यामुळें एका गांवीं घडविलेलें पात्र दुसऱ्या गांवच्या टेबलावर नेतां येतें.

१९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कांहीं पालकांनींही या खेळाविरुद्ध मोठें काहूर माजविलें होतें. मुलांशेजारीं बसून खेळ पाहिला असता, तर त्यांतील बरेंच भय तेथेंच विरलें असतें.

आपल्या एकत्र कुटुंबांत बोलण्याचा अधिकार वयानें येतो. या टेबलावर तो आळीपाळीनें येतो. घरांत चार वाक्यें न बोलणारी मुलगी येथें पुढारी होते, आणि बडबड्यास दुसऱ्याचें ऐकावें लागतें. हें शिक्षण शाळेंतही सहजासहजीं मिळत नाहीं. तेव्हां मुलांस धाडावें कीं नाहीं, हा वाद घालीत बसण्यापेक्षां आजोबांनींच शेजारची रिकामी खुर्ची घ्यावी. नवागतास वयाची अट नाहीं.