वय झालं, की दुसरंच काही?

गेल्या महिन्यातली गोष्ट. दवाखान्यात गर्दी होती. एक तरुण आपल्या वडिलांचा नंबर येईपर्यंत मोबाइलवर सायकलींची जुनी शर्यत पाहत बसला होता. औषधाची चिठ्ठी द्यायला बाहेर आलो आणि सहज डोकावलो, तर पडद्यावर मिगेल इंदुराइन! सायकल शर्यती हे माझे जुने वेड असल्याने मला राहवले नाही. पाच मिनिटे तिथेच उभा राहिलो.

"डॉक्टर, पाच वर्षं सलग जिंकणारा माणूस सहाव्या वर्षी एकदम असा कसा हो बसला?" त्याने विचारले.

"वय झालं, दुसरं काय!" शेजारी बसलेल्या गृहस्थांनी परस्पर निकाल देऊन टाकला.

हा वाद १९९६ च्या उन्हाळ्यात सगळ्या स्पेनने घातला होता. आपल्याकडे उतरणीला लागलेल्या क्रिकेटपटूविषयी चौकाचौकांत घालतात ना, अगदी तसाच. इंदुराइन हा पाम्पलोना शहराजवळच्या व्हिलावा या गावातला, शेतकऱ्याचा मुलगा. टूर द फ्रान्स ही तीन आठवडे चालणारी शर्यत १९९१ ते १९९५ अशी सलग पाच वेळा जिंकणारा तो पहिलाच. (पुढे आर्मस्ट्राँगने सलग सात जिंकल्या खऱ्या, पण २०१२ मध्ये त्या सगळ्या काढून घेण्यात आल्या.) विश्रांतीच्या वेळी त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला २८ पडतात आणि फुप्फुसांत आठ लिटर हवा मावते, असे त्याच्याबद्दल सांगत. तुमचे-माझे ठोके ७० च्या घरात असतात, हे लक्षात घ्या.

आणि १९९६ मध्ये काय झाले? पहिला आठवडा पावसाचा आणि थंडीचा गेला. ६ जुलैला लेझ आर्कच्या चढावर, शेवट तीन-चार किलोमीटरवर आला असताना, त्याचे पाय एकाएकी थांबल्यासारखे झाले. तो हाताने पाणी मागत होता. त्या दिवशी चार मिनिटांहून जास्त वेळ गेला आणि नियमाबाहेर बाटली घेतली म्हणून पंचांनी वर दंडही केला. १६ जुलैला त्याला ३२ वे वर्ष पूर्ण झाले. दुसऱ्याच दिवशी शर्यत त्याच्या स्वतःच्या गावातून जाऊन पाम्पलोनाला पोहोचणार होती. रस्त्याच्या दुतर्फा त्याचीच माणसे उभी होती आणि तो आठ मिनिटांहून अधिक मागे पडून आला. शर्यतीअखेर त्याचा नंबर अकरावा लागला.

कोणी म्हणाले वय झाले, कोणी म्हणाले थंडी बाधली, कोणी म्हणाले खाण्यात चूक झाली. डॉक्टर म्हणून मला या वादात आजही रस वाटतो, कारण यातला प्रत्येक मुद्दा माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत रोज येऊन बसतो.

आधी खाण्याचे पाहू. आपल्या स्नायूंत आणि यकृतात मिळून साधारण चार-पाचशे ग्रॅम साखर साठवलेली असते. जोराच्या श्रमात ती दोनेक तासांत संपत येते. म्हणून हे खेळाडू सायकलवरच सतत खात-पीत असतात. थंडीपावसात तहान-भूक कळत नाही, खाणे चुकते आणि मग दिव्यातले तेल संपावे तसा माणूस विझतो. स्पॅनिश सायकलपटू याला 'पाहारा' म्हणतात. लेझ आर्कला दिसले ते बरेचसे असेच होते. पण एका दिवसाची भूक अकरा दिवसांनी पाम्पलोनाला कशी नडेल? तेव्हा तेवढ्याने भागत नाही.

आता वय. तिशीनंतर बैठे काम करणाऱ्याची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता दर दहा वर्षांना साधारण दहा टक्क्यांनी उतरते. व्यायाम चालू ठेवणाऱ्याची त्याहून सावकाश. म्हणजे वर्षाला एखादा टक्का, फार तर. तुम्ही म्हणाल, हे तर काहीच नाही. पण गंमत पाहा. त्या वर्षीच्या विजेत्याला एकूण ९५ तास ५७ मिनिटे लागली आणि इंदुराइन त्याच्यामागे होता १४ मिनिटे. हिशेब केला तर शेकडा पावच टक्का! लोक ज्याला पडझड म्हणत होते ती एवढीशी. त्या उंचीवर वयाचा केसभर वाटाही पुरतो, हे मी नाकारत नाही.

मात्र दोन गोष्टी वयवाल्यांच्या आड येतात. टूर संपल्यावर दोन आठवड्यांतच, ३ ऑगस्टला, याच 'संपलेल्या' माणसाने अटलांटा ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक वेळ-शर्यतीचे सुवर्णपदक जिंकले. वय काही दोन आठवड्यांत मागे फिरत नाही. दुसरे असे की टूर जिंकणारा डेन्मार्कचा ब्यार्ने रीस इंदुराइनपेक्षा तीन महिन्यांनी मोठा होता!

रीसचे कोडे २००७ मध्ये त्याने स्वतःच सोडवले. त्या काळात आपण ईपीओ घेत होतो, अशी कबुली त्याने दिली. ईपीओ हे आपल्याच मूत्रपिंडात तयार होणारे संप्रेरक. ते हाडांच्या मगजाला तांबड्या पेशी वाढवायला सांगते. डायलिसिसच्या पेशंटना आम्ही त्याचीच इंजेक्शने देतो. धडधाकट माणसाने घेतले तर रक्तात तांबड्या पेशी वाढतात, ऑक्सिजन जास्त वाहून नेला जातो आणि चढ सोपा होतो. रक्त मात्र दाट होते आणि गुठळी होण्याचा धोका वाढतो. त्या वेळी हे पकडणारी चाचणीच नव्हती. म्हणजे प्रेक्षक एकाची उतरण मोजत होते, ती दुसऱ्याच्या फसव्या पट्टीने. त्या दशकातल्या साऱ्याच शर्यतींवर ही सावली आहे, हेही खरेच.

इंदुराइनने २ जानेवारी १९९७ रोजी निवृत्ती जाहीर केली. पुढे ४६ व्या वर्षी संशोधकांनी त्याला पुन्हा प्रयोगशाळेतल्या सायकलवर बसवले. ऐन भरात मिनिटाला ६.४ लिटर ऑक्सिजन वापरणारे शरीर आता ५.३ लिटरवर आले होते, म्हणजे सुमारे १७ टक्के घट. पण वजनाच्या दर किलोमागे मोजले तर घट निघाली २७ टक्क्यांची. हा फरक कुठून आला? ८१ किलोंचा गडी ९२ किलोंचा झाला होता! वयाने नेले त्यात ही पोटाने आणखी भर घातली.

हे सगळे त्या मुलाला सांगत असताना माझे लक्ष त्याच्या वडिलांकडे गेले आणि मी जरा वरमलो. त्यांना विचारूनच पुढचे लिहितो आहे. अण्णा दुधाचे रतीब घालतात. सात वर्षांपूर्वी, वयाच्या ६१ व्या वर्षी, ते माझ्याकडे आले तेव्हा तक्रार एकच होती. "डॉक्टरसाहेब, नाक्याचा चढ चढवत नाही. उतरून सायकल ढकलावी लागते." मी रक्तदाब पाहिला, कार्डिओग्राम काढला. दोन्ही ठीक. "अण्णा, आता वय झालं, मोटारसायकल घ्या," असे म्हणून टॉनिक लिहून दिले.

तीन महिन्यांनी त्यांना दोघांनी धरून आणले. खालची पापणी ओढून पाहिली तर आत कागदासारखा पांढरा रंग. हिमोग्लोबिन ६.८! गुडघ्यांसाठी ते वर्षभर दिवसातून दोनदा वेदनाशामक गोळी घेत होते, तीही बहुधा उपाशीपोटी, मेडिकलमधून परस्पर. शौचाला डांबरासारखे काळे होत होते, पण ते सांगावे असे त्यांना वाटले नाही आणि विचारावे असे मला सुचले नाही. दुर्बिणीच्या तपासणीत जठरात व्रण निघाला. पहिल्याच दिवशी पापणी ओढायला मला दहा सेकंद लागली असती.

तेव्हा वाचकहो, घरातल्या वडीलधाऱ्यांची ताकद वर्षावर्षाने कमी झाली तर ती एक गोष्ट. पण दिवाळीला जो जिना सहज चढत होते तो होळीला चढवेनासा झाला, तर रक्त, साखर, थायरॉइड आणि हृदय तपासून घेतल्याशिवाय वयाचे नाव घेऊ नका. डॉक्टरनेच घेतले तर त्याला थांबवा. चढताना छातीत आवळल्यासारखे होत असेल आणि थांबल्यावर बरे वाटत असेल, तर त्याच दिवशी दाखवा. छातीत बसल्याजागी दुखू लागले तर थेट इस्पितळ गाठा. सांधेदुखीच्या गोळ्या रोज पोटात जात असतील तर डॉक्टरच्या कानावर घाला, तो विचारो न विचारो.

व्रण भरला, लोह पोटात गेले आणि सहा महिन्यांत अण्णा पुन्हा सायकलवर आले. परवाचे त्यांचे हिमोग्लोबिन १३.१ होते. मुलाच्या हातातला मोबाइल त्यांनी डोळ्यांजवळ नेला, घामाघूम इंदुराइनकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले,

"याची पापणी कुणी ओढून बघितली होती का?"